तीन पाण्यांचा चित्रक

अख्तरबानू पहिल्यांदा आमच्या प्रयोगशाळेत आल्या त्या भांडायला. लिफ्ट बंद होती. साठीला टेकलेली बाई दोन मजले चढून आल्यावर आधी खुर्ची मागते, निदान पाणी तरी मागते. त्यांनी माझं नाव मागितलं.

"हे कुणी लिहिलंय?" पिशवीतून आमचाच अहवाल काढून त्यांनी माझ्यासमोर धरला. शेवटच्या ओळीखाली निळ्या पेनाने रेघ मारलेली होती.

ओळ माझीच होती. 'घटकद्रव्याचे प्रमाण निकषापेक्षा फारच कमी. सत्त्व काढून घेतलेला माल असण्याची शक्यता.'

"मी लिहिलंय," मी म्हटलं. "जया. इथली केमिस्ट."

"बरं झालं, लगेच सापडलात. मग मला सांगा, सत्त्व काढायचा आमचा कारखाना कुठे आहे? एवढी वर्षं त्या घरात राहते, मला कधी दिसला नाही. पत्ता दिलात तर जाऊन बघून येईन."

मी यवतमाळची. पुण्यात येऊन बारा वर्षं झाली. या शहरात माणसं आवाज न चढवता समोरच्याचा पार चुराडा करतात, हे एव्हाना अंगवळणी पडलंय, मलाही थोडंफार जमायला लागलंय. पण त्या दिवशी बाईंचं म्हणणं रास्त होतं. आमच्या कामात आकडा लिहायचा आणि गप्प बसायचं असतं. 'शक्यता' लिहायची नसते. मी लिहिली होती. त्या वर्षी वनस्पतींची मुळं, साली उकळून त्यांचा अर्क काढून घ्यायचा आणि उरलेला चोथा वाळवून पुन्हा बाजारात विकायचा, असे तीन नमुने माझ्या हाताखालून गेले होते. बघायला माल अगदी अस्सल दिसतो. मी चिडलेली होते आणि चौथा चोर सापडला म्हणून खूष झाले होते. खरं सांगायचं तर तेवढंच कारण होतं.

आमची प्रयोगशाळा बिबवेवाडीत, एका फरसाणवाल्याच्या वरती. सकाळी अकराला खाली कढई तापते आणि मग दिवसभर आमच्या मिथेनॉलच्या वासात शेवेचा वास मिसळतो. मसाले, मध, चहा आणि काष्ठौषधी, म्हणजे आयुर्वेदाला लागणारी वाळलेली मुळं, साली, फळं, एवढं आम्ही तपासतो. अख्तरबानूंच्या घरचं मंडईजवळ काष्ठौषधींचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलेलं, मग नवरा कासिमभाईंनी चालवलेलं. ते गेल्यापासून मुलगा मुनव्वर बघतो. मुनव्वरने बी. कॉम. केलंय, पुड्यांच्या जागी छापील पाकिटं आणली आहेत, आणि शहराबाहेरच्या एका औषधनिर्मितीवाल्यांना तो चित्रकाची मुळं पुरवतो. चित्रक पोटाचं औषध आहे. भूक लागत नाही, अन्न पचत नाही, अशांना देतात.

त्या औषधवाल्यांनी यंदापासून प्रत्येक मालाला प्रयोगशाळेचा अहवाल मागायला सुरुवात केली होती. मुनव्वरने नमुना आमच्याकडे आणून दिला, मी तो नापास केला आणि वर ती ओळ लिहिली. औषधवाल्यांचं पत्र आलं की एक महिन्यात दुसरा नमुना पास झाला नाही, तर या दुकानाकडून काहीच घेणार नाही आणि चोथा विकल्याचं बाकीच्या खरेदीदारांनाही कळवू. मुनव्वरने त्यावर उपायही शोधला होता. एका मोठ्या व्यापाऱ्याकडून अहवालासकट तयार चित्रक घ्यायचा आणि आईचं घरातलं काम बंद करायचं. कारण चित्रक तयार करायचं काम अख्तरबानूंचं होतं, एकट्या त्यांचं.

"काम बंद झालं तर झालं," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे पण आता कुरकुरतात. पण चोर म्हणून नाही बंद करणार. साठ वर्षांत आमच्या दुकानाला कुणी चोर म्हटलं नव्हतं. तुम्ही म्हटलंत, तेही शिक्का मारून."

त्यांनी स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला. "माझ्यासमोर तपासा."

ग्राहकासमोर तपासणी करायची नाही असा आमचा नियम आहे. आमचे मालक विश्वजीत सर खराडीला एका मीटिंगला गेले होते आणि मी नियम मोडला. बाईंना खोटं पाडायची मला घाई होती, आणि आपण चुकलो असू तर ते सर यायच्या आत कळावं असंही वाटत होतं.

काम तसं सोपं आहे. मुळाची भुकटी मिथेनॉलमध्ये भिजवायची, गाळायची. एका पांढऱ्या लेपाच्या पट्टीवर तळाशी तिचा बारीक ठिपका द्यायचा. शेजारी खात्रीच्या कच्च्या चित्रकाचा ठिपका द्यायचा आणि पट्टी एका द्रावणात उभी करायची. द्रावण वर चढतं, जाता जाता ठिपक्यातले घटक वेगवेगळ्या उंचीवर सोडून जातं. चित्रकातला मुख्य घटक प्लंबॅजिन. तो कुठे थांबतो ते आम्हाला ठाऊक असतं. पट्टी वाळली की वर पोटॅशचा फवारा मारायचा. प्लंबॅजिन असेल तिथे लाल पट्टा उमटतो, आणि जितकं जास्त तितका गडद.

अख्तरबानू स्टुलावर बसून सगळं बघत होत्या. मध्ये एकदा मला म्हणाल्या, "हात धुतलेत का भुकटी केल्यावर? कच्चा असेल तर डोळ्याला लावू नका." मी बारा वर्षं हेच करतेय हे त्यांना सांगावंसं वाटलं, पण हात धुतले नव्हते, म्हणून गुपचूप जाऊन धुतले.

फवारा मारला. आमच्या कच्च्या चित्रकाचा पट्टा लालभडक आला. त्यांच्या मालाचा पट्टा कुठे आहे हे शोधायला मला चष्मा लावावा लागला.

"हे लाल कशाने झालं?" त्यांनी विचारलं.

"औषधाचा घटक क्षाराला लागला की लाल होतो."

"चुना पण क्षारच ना?"

"हो."

"मग आमचं पाणी पण त्यानेच लाल होतं." त्या पट्टीकडे वाकून बघत म्हणाल्या, "चुन्याच्या निवळीत टाकला की बीट उकडल्यासारखं पाणी होतं. सासूबाई म्हणायच्या, विष उतरतंय."

मी हातातली बाटली खाली ठेवली. "तुम्ही शुद्ध करून पाठवला होता का नमुना?"

कच्चा चित्रक उग्र असतो. कातडीला लागला तर फोड येतात, पोटात गेला तर आग होते. म्हणून वैद्यकात तो देण्याआधी चुन्याच्या निवळीत भिजवून, धुऊन, वाळवून घ्यायला सांगितलं आहे. त्याला शोधन म्हणतात. ते मला माहीत होतं. पण तपासणीला येणारा माल कच्चाच असतो, निकष कच्च्याचेच असतात, आणि अर्जावर 'कच्चा की प्रक्रिया केलेला' हा रकाना मुनव्वरने मोकळा सोडला होता. मी विचारायला हवं होतं. विचारलं नव्हतं.

"म्हणजे काय, कच्चा पाठवू?" अख्तरबानू मी वेडी असल्यासारखं माझ्याकडे बघत राहिल्या. "अहो, कच्चा चित्रक आमच्या उंबऱ्याबाहेर जात नाही. सासऱ्यांच्या वेळेपासून नियम आहे. तपासायला तुमच्यासारखी बाई बसलेली असणार. हाताला लागलं, फोड आला, तर जबाबदार कोण?"

मला शरमल्यासारखं झालं. ज्या बाईला मी कागदावर चोर केलं होतं, तिने माझ्या हाताला भाजू नये म्हणून नमुना धुऊन पाठवला होता. मी माफी मागितली. त्यांनी ती चहासारखी ठेवून घेतली, म्हणजे नको म्हणाल्या नाहीत आणि फार कौतुकही केलं नाही. मग म्हणाल्या, "आता लिहून द्या तसं."

"देते," मी म्हटलं. आणि तिथेच हे प्रकरण संपलं असतं तर बरं झालं असतं. पण तो पट्टा फारच फिका होता. शोधनाने घटक कमी होतो हे ठीक. पण एका भिजवणीत इतका? माझा हा स्वभावच आहे. आकडा जुळला नाही की जेवण गोड लागत नाही. मी त्यांना म्हटलं, "चाची, तुम्ही शोधन कसं करता ते मला बघायचंय."

"रविवारी या. मुनव्वर दुकानात असतो, घर मोकळं असतं."

त्यांचं घर गंज पेठेत, तिसऱ्या मजल्यावर, वर गच्ची. अख्तरबानूंचं माहेर साताऱ्याचं. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्यांना हळद आणि सुंठ यापलीकडे औषध म्हणून काही माहीत नव्हतं. दुकानात पुरुष बसायचे, आणि निवडणं, सोलणं, शोधणं हे घरात बायकांकडे. सासूबाईंनी त्यांना मूळ मोडून आतला रंग बघायला शिकवलं, जिभेच्या टोकावर कण ठेवून थुंकायला शिकवलं, आणि रोज संध्याकाळी गच्चीवरचं वाळवण आत घ्यायला शिकवलं. दुकानाच्या पाटीवर सासऱ्यांचं नाव आहे, पावतीवर नवऱ्याचं होतं, पाकिटावर आता मुलाचं आहे. "माझं नाव कुठेच नाही," त्या मला सांगत होत्या, तक्रार म्हणून नाही, असंच. "पण वैद्य लोक घरी यायचे ना, ते कासिमभाईंना विचारायचे, चित्रक घरचाच आहे ना? मी पडद्यामागून ऐकायची."

सगळी तयारी झालेली होती. आदल्या दिवशीच भिजवलेली मुळांची एक खेप चिनी मातीच्या बरणीत होती. त्यांनी झाकण काढलं. पाणी खरंच बिटाच्या रंगाचं झालेलं. त्यांनी हातमोजे घालून मुळं बाहेर काढली, तीनदा धुतली, आणि मी वही काढेपर्यंत दुसऱ्या बरणीतल्या ताज्या निवळीत पुन्हा टाकली.

"हे काय?"

"दुसरं पाणी."

"आणि तिसरं?"

"उद्या. पाणी लाल यायचं थांबेपर्यंत."

"चाची, ग्रंथात एकदाच भिजवायला सांगितलंय."

 त्यांनी बरणीवर फडकं बांधलं, गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. मी वाट बघत राहिले. बोलायला लावायचं असेल तर गप्प बसायचं, हे मी पुण्यातच शिकले.

"सासूबाई पण एकदाच करायच्या," शेवटी त्या म्हणाल्या. "बाकीची दोन पाणी माझी आहेत. घरात कुणाला माहीत नाही. कासिमभाईंना पण नव्हतं."

एकोणनव्वद सालची गोष्ट. सासूबाई आजारी पडल्या आणि अख्तरबानूंनी पहिल्यांदा एकटीने चित्रक शोधला. मंडईत पालेभाजी विकणाऱ्या द्वारकाबाई गुडघ्याला लेप लावायला म्हणून तो घरूनच घेऊन गेल्या. कासिमभाई नमाजला गेले होते, म्हणून अख्तरबानूंनीच पुडी बांधून दिली. दुसऱ्या दिवशी बाईंच्या गुडघ्यावर लिंबाएवढाले फोड. तीन आठवडे त्यांना मंडईत बसता आलं नाही. अख्तरबानू रोज दुपारी बुरखा घालून त्यांच्या खोलीवर डबा घेऊन जायच्या. द्वारकाबाई एका शब्दाने रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अख्तरबानूंचं म्हणणं.

"तेव्हापासून मी दुसरं पाणी घालायला लागले. मग तिसरं. त्यानंतर एकालाही फोड आला नाही. पस्तीस वर्षांत एकालाही नाही." हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांच्या आयुष्यातली अभिमानाची गोष्ट हीच होती, आणि ती त्यांनी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितली होती.

मी विचारलं तो प्रश्न मी आजही परत घेऊ शकले तर घेईन. "त्या बाईंनी लेप किती वेळ ठेवला होता?"

"रात्रभर."

"किती वेळ ठेवायचा असतो?"

"अर्धा तास," त्या म्हणाल्या. "मी सांगायला विसरले होते."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. बाई हुशार. मी मनात जे जुळवत होते ते त्याही जुळवत होत्या. चित्रक तेव्हा नीटच शोधलेला होता. चुकली होती ती पुडी देताना सांगायची एक गोष्ट. आणि त्यांनी दुरुस्त केला तो चित्रक.

मी कच्च्या मुळांचा आणि पहिल्या पाण्यानंतरचा असे दोन नमुने घेतले. दुसऱ्या आणि तिसऱ्या पाण्यानंतरचे त्यांनी मंगळवारी स्वतः आणून दिले. सगळे एकाच पट्टीवर शेजारी शेजारी चढवले. कच्च्यातल्या प्लंबॅजिनला शंभर धरलं तर पहिल्या पाण्यानंतर अठ्ठावन्न उरत होतं, दुसऱ्यानंतर एकवीस, तिसऱ्यानंतर चार. मी पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा केलं, कारण आकडा बदलावा असं मला वाटत होतं. तो चारच आला.

अख्तरबानू आणि मुनव्वर गुरुवारी आले. मी पट्टी दाखवली. चार पट्टे, डावीकडून उजवीकडे फिके होत गेलेले. मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"म्हणजे पस्तीस वर्षं मी लोकांना लाकूड खायला घातलं," अख्तरबानू म्हणाल्या.

"तसं नाही, चाची. थोडं तरी..."

"चार."

"हो."

विश्वजीत सर मधे पडले. सर चांगले आहेत, फक्त कुठलीही अडचण एका पत्रात बसते अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांनी पत्र तयारच ठेवलं होतं. पाठवलेला नमुना पारंपरिक पद्धतीने शोधन केलेला होता, कच्च्या मालाचे निकष त्याला लागू होत नाहीत, सत्त्व काढून घेतल्याची नोंद प्रयोगशाळा मागे घेत आहे. शब्द न् शब्द खरा होता. मुनव्वरने ते वाचलं आणि त्याचे खांदे इतक्या दिवसांत पहिल्यांदा खाली आले.

"अम्मी, झालं. यांनी लिहून दिलंय. पुढच्या वेळेपासून एकच पाणी कर, बस."

अख्तरबानूंनी पत्र हातात घेतलं. त्यांना वाचायला वेळ लागतो. आम्ही थांबलो. खालून कढईत काहीतरी पडल्याचा आवाज आला.

"यात तीन पाणी लिहिलेलं नाही."

"त्यांनी विचारलंय का?" मुनव्वर म्हणाला.

"विचारलं नाही तर सांगायचं नाही, हे तुला कुणी शिकवलं? मी तर नाही शिकवलं. या मॅडमनी मला चोर लिहिलं, ते खोटं होतं, ते त्यांनी मागे घेतलं. मालात काही नाही असं लिहिलं, ते खरं आहे. ते कसं मागे घेणार?"

"अम्मी, गिऱ्हाईक जाईल."

"जाऊ दे."

मुनव्वर माझ्याकडे बघायला लागला, जणू मी काही समजूत घालीन. मला तेव्हा त्याची दया आली आणि रागही आला. जास्त राग स्वतःचाच होता. सकाळी सरांनी पत्र दाखवलं तेव्हा मीच 'ठीक आहे' म्हटलं होतं. पट्टीवरचा चार हा आकडा मला माहीत असूनही म्हटलं होतं. मी कॉम्प्युटरवर पत्र उघडलं आणि अख्तरबानूंना विचारलं, "काय लिहू?"

"लिहा, शोधन परंपरेपेक्षा जास्त केलं होतं. तीनदा. चुकीने. करणाऱ्याचं नाव लिहा."

"नाव कशाला?"

"दुकानाने नाही केलं. मी केलं."

मी लिहिलं. सरांनी घसा खाकरला, पण सही केली. साठ वर्षांत त्या दुकानाच्या कुठल्याही कागदावर अख्तरबानू कासिम अत्तार हे नाव पहिल्यांदा आलं ते असं.

औषधवाल्यांचं उत्तर पंधरा दिवसांनी आलं. चोथ्याचा आरोप त्यांनी मागे घेतला. बाकीचा माल घेत राहू, चित्रक मात्र सहा महिने नको, नंतर नवा अहवाल बघून ठरवू. मुनव्वर म्हणाला, सरांनी लिहिलेलं पत्र तसंच पाठवलं असतं तर हे पण झालं नसतं. ते खरंच होतं. अख्तरबानूंनी त्याला नाही म्हटलं नाही.

पण त्यांनी एक नवीनच काढलं. त्या दुकानात बसायला लागल्या. लग्नानंतर चाळीस वर्षांत ज्या कधी गल्ल्यामागे बसल्या नव्हत्या, त्या आता रोज अकरा ते दोन बसतात. चित्रक मागायला जुनं माणूस आलं की त्याला सांगतात, आधीच्यात काही नव्हतं, चूक माझी होती, हा नवीन आहे, एका पाण्याचा. मुनव्वर मागच्या बाजूला जाऊन उभा राहतो. ऐकवत नाही म्हणतो. काही गिऱ्हाइकं हसतात, काही भांडतात. एक वकील होते, त्यांनी ग्राहक न्यायालयात खेचण्याची भाषा केली आणि मग शंभर ग्रॅम हिरडा घेऊन गेले.

मी नव्या खेपेचा नमुना न्यायला गेले त्या दिवशी गेनबा आले होते. फुरसुंगीकडचे, सत्तरीचे, पांढरी टोपी. वीस वर्षं दर दोन महिन्यांनी मंडईत आले की चित्रकाचं चूर्ण नेणारे. मुनव्वरने त्यांना बघितलं आणि माझ्या कानात म्हणाला, "यांना तरी सोडा म्हणावं."

अख्तरबानूंनी सोडलं नाही. बाकीच्यांना सांगतात तसंच सांगितलं, शब्दही न बदलता.

गेनबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "काहीच न्हवतं म्हन्ता?"

"जवळजवळ काही नाही."

"पर मला तर गुण येतुया. ढेकर थांबत्यात."

अख्तरबानू माझ्याकडे बघू लागल्या. अशा वेळी केमिस्ट बाईने काहीतरी म्हणायला हवं. मला खरोखर माहीत नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, चूर्णात काय आहे ते मला सांगता येतं. तुम्हाला बरं कशाने वाटलं ते नाही सांगता येत."

"हा," गेनबा म्हणाले. त्यांना ते पटलेलं दिसलं. मग थोडा वेळ ते समोरच्या बरण्या बघत राहिले.

"मंडळीलाबी हेच नेलं व्हतं," ते म्हणाले. "तीन वर्सं झाली. डाक्टरनी सांगितलंच व्हतं, आता काय हुणार न्हाई म्हनून. तिला जेवनच जात न्हवतं. म्या म्हन्लं चाचीचा चित्रक घे, भूक लागंल. दोन म्हयनं घेतला बिचारीनं. रोज इचारायची, आज लागंल का वो भूक?" त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "न्हाई लागली."

अख्तरबानूंचा हात तराजूवर होता, तो तिथेच राहिला. द्वारकाबाईंचे फोड त्यांना दिसले होते. पस्तीस वर्षं त्यांनी फक्त तेच बघितलं होतं. हे दुसरं कधी कुणी येऊन सांगितलं नव्हतं, कारण ज्याला गुण येत नाही तो भांडायला येत नाही, तो नुसता यायचा थांबतो. मला त्या क्षणी तिथून निघून जावंसं वाटलं.

"मला माफ करा," अख्तरबानू म्हणाल्या. त्या रडत होत्या. पदराने डोळे पुसले नाहीत, तशाच बोलल्या. "कुणाला भाजू नये म्हणून करत होते. तुमच्या मंडळींना मी काहीच दिलं नाही."

"मुद्दाम केलं का तुमी?" गेनबा म्हणाले. आवाज वैतागलेला होता, पण कुणावर ते कळत नव्हतं. "ती जायचीच व्हती. पर दोन घास खाऊन गेली असती, येवढंच."

 रस्त्यावर एक टेम्पो मागे घेत होते, त्याचं पीं पीं बराच वेळ चाललं. मुनव्वर मागच्या बाजूने पुढे आला, गेनबांसाठी स्टूल ठेवलं आणि आईच्या शेजारी उभा राहिला. गेनबा बसले नाहीत.

"मग आता ह्यो नवा हाय, त्यात असतंय ना?"

"आहे," मी म्हटलं. "तपासलाय."

"द्या मग."

अख्तरबानूंनी चूर्ण मोजलं. मग पुन्हा मोजलं. पाकिटावर मुनव्वरचं लेबल होतं, त्याच्या मागे त्यांनी पेनाने लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने सांगू लागल्या.

"पूर्वी एक चमचा घेत होतात. आता पाव चमचा. जेवणानंतर, ताकातून. उपाशी पोटी अजिबात नाही. हा खरा आहे, झोंबेल."

"झोंबू द्या."

"जास्त झोंबला तर बंद करायचा, आणि त्याच दिवशी या. मी रोज दोनपर्यंत असते."

गेनबांनी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. "मला वाचता येत न्हाई," ते म्हणाले.

"मग पुन्हा ऐका," अख्तरबानू म्हणाल्या, आणि त्यांनी सुरुवातीपासून परत सांगितलं. मग त्यांच्याकडून वदवून घेतलं. ते ताक विसरले, म्हणून तिसऱ्यांदा सांगितलं.